मी पाडलेली पुढारीण

आयुष्यात मी एकही निवडणूक लढवली नाही. आमच्या कॉलनीच्या चेअरमनपदासाठी कुणीतरी माझं नाव सुचवलं, तेव्हा पाय मुरगळल्याचं सांगून मी घरी बसले होते. पण एक पुढारीण मात्र मी पाडलेली आहे. जळगावची नव्हे, धुळ्याची नव्हे, थेट स्कॉटलंडची. तिच्या विरोधकांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते मी एका भरिताच्या पार्टीत करून दाखवलं. आणि तेही तिच्यावर माझा जीव असताना. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. आता शहात्तरावं चालू आहे. नातवंडं म्हणतात, आजी, हे काय चारचौघांत सांगायचं आहे का. मी म्हणते, चारचौघांतच तर केलं होतं.

तिचं नाव एफी लॉरिमर. एडिंबऱ्याला त्यांची जी विधानसभा आहे, तिथल्या एका पक्षाची ती नेता होती. पक्ष फार मोठा नव्हता, पण पुढच्या निवडणुकीनंतर तिच्यावाचून कुणाचं सरकार बनणार नाही, अशी तेव्हा हवा होती. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्यांदा भेटली तेव्हा तिच्या हातात बादली होती.

माझी मुलगी वैशाली एडिंबऱ्यात नर्स आहे. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी सहा महिन्यांसाठी गेले. बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा, आणि डोक्यात तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्याचा ताठा. ताठा विमानतळावरच उतरला, कारण तिथली माणसं बोलत होती ते मी शिकवलेलं इंग्रजी नव्हतं. वैशालीचं घर एका जुन्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. जिना सगळ्यांचा एकच. एका सकाळी दार उघडलं तर पन्नाशी ओलांडलेली, आखूड पांढऱ्या केसांची एक बाई गुडघ्यावर बसून आमच्या मजल्याच्या पायऱ्या घासत होती. मला वाटलं, जिनेवाली. दया आली. आत जाऊन फोडणीची पोळी डब्यात भरली आणि तिच्या हातात दिली. वर बोटानं कोपरा दाखवून तिथे राहिलंय हेही सांगितलं. तिनं तो कोपरा पुन्हा घासला. मग पायरीवर बसून पोळी खाल्ली, मिरची दाताखाली आली तशी डोळे पुसत हसली, आणि दुसऱ्या दिवशी माझा डबा बिस्किटांनी भरून परत आणून दिला. रिकामा डबा परत देऊ नये हे हिला कुणी शिकवलं, याचंच मला नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसले होते, तर पडद्यावर तीच बाई. मागे निळा पडदा, समोर आठ-दहा माईक. मी वैशालीला हाक मारली की आपली जिनेवाली टीव्हीवर आलीय, बघ. वैशालीनं कपाळाला हात लावला. त्या इमारतीत जिना धुवायची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दाराच्या कडीला पुठ्ठ्याची पाटी लटकते. त्या आठवड्यात पाटी एफीच्या दाराला होती, इतकंच. मी जळगावला फोन करून ह्यांना सांगितलं. हे मूळचे अमळनेरकडचे, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. घरात राग आला किंवा आश्चर्य वाटलं की अहिराणीत शिरायचे. म्हणाले, “एवढी मोठी बाई, आन् जिना धुवस?”

मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. तिला माफीचं कारणच कळेना. तिनं मला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला आणि नाव विचारलं. सुमन म्हटल्यावर त्या दिवसापासून ती मला सुमनच म्हणू लागली. माझी आई गेल्यानंतर मला कुणी नुसतं सुमन म्हटलं नव्हतं. शाळेत बाई, घरात आई, सासरी वहिनी. मीही धीर करून एफी म्हणायला लागले.

तिच्या दोन सवयी मला आयुष्यभर पुरल्या आहेत. पहिली, बसमधून उतरताना ती ड्रायव्हरला थँक्यू म्हणे. ड्रायव्हर बघत असो नसो. दुसरी सवय मला जास्त धक्कादायक वाटली. ती दिवसातून पाच वेळा म्हणे, “मला माहीत नाही.” दर शनिवारी सकाळी ती वाचनालयाच्या एका खोलीत लाकडी टेबल टाकून बसायची आणि लोक एकेक करून आपली गाऱ्हाणी घेऊन यायचे. मी एकदा बघायला गेले. दारात गाडी नाही, पोरांचा घोळका नाही, कुणी साहेब बिझी आहेत म्हणणारा नाही. एका म्हाताऱ्याच्या घरात भिंतीतून पाणी झिरपत होतं. त्यानं विचारलं, हे कुणी दुरुस्त करायचं? एफी म्हणाली, मला माहीत नाही, बुधवारपर्यंत शोधून सांगते. आणि वहीत लिहून घेतलं. म्हातारा खूश होऊन गेला. मी चकित. आपल्याकडे पुढाऱ्याला सगळं माहीत असतं. काम तेवढं होत नाही. बुधवारी ती खरंच त्याला फोन करत होती, मी चहाला तिथेच बसलेली होते.

तिची हकीकत मला त्या चहांमधून तुकड्यातुकड्यानं कळली. डंडी नावाच्या गावची. आई तागाच्या गिरणीत. एफी सतराव्या वर्षी बसमध्ये कंडक्टर झाली. तिच्या बसनं डोंगरातल्या एका खेड्यातली म्हातारी दर शुक्रवारी डोळ्यांच्या औषधासाठी शहरात यायची. कंपनीनं तो मार्ग परवडत नाही म्हणून बंद केला. म्हातारी दिसेना, म्हणून एफी सुट्टीच्या दिवशी चालत त्या खेड्याला गेली, अकरा मैल. म्हातारीला तोवर दिसायचं बंद झालेलं होतं. तिनं एफीला आवाजावरून ओळखलं आणि आधी विचारलं की बस सुरू झाली का. तिथून युनियन, मग नगरपालिका, मग विधानसभा, मग पक्षाची नेता. पण तीस वर्षं तिला एकच काम करायचं होतं: एकाही खेड्याची शेवटची बस कुणाला बंद करता येणार नाही, असा कायदा. त्याचा मसुदा तिच्या कपाटात तयार होता. पुढच्या निवडणुकीनंतर ज्यांना आपली गरज लागेल त्यांना ती ही एकच अट घालणार होती. मला ती हे सांगायची तेव्हा तिचा आवाज, मुलीचं लग्न ठरलेल्या आईसारखा व्हायचा.

आणखी एक प्रसंग सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी तिथे असतानाच एक मंत्री एका बड्या घरमालकाच्या मेजवानीला जाऊन आला. त्या घरमालकानं भाडेकऱ्यांना हिवाळ्यात बाहेर काढलं होतं. मंत्री म्हणाला, मला त्याचं काही ठाऊक नव्हतं. एफी विधानसभेत उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “कुणाच्या शेजारी उभं राहतोय, हे उभं राहण्याआधी विचारायचं असतं.” आठवड्याभरात मंत्र्यानं राजीनामा दिला. मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या.

निघायच्या आधी एकदा ती मला विचारत होती की तू मुंबईजवळची का. परदेशात मी सगळ्यांना मुंबईजवळ असंच सांगत असे, जणू जळगाव म्हणजे कल्याणच्या पुढचं स्टेशन. तिनं नेमकं गाव विचारलं. जळगाव म्हणताच ती उठली आणि आतून एक पिवळं पडलेलं पाकीट घेऊन आली. वर जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलेलं: धुळे, पश्चिम खानदेश. तिच्या आईची मावशी जेसी धुळ्याला एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिथेच तापानं गेली. घरातलं कुणी कधी तिच्या कबरीवर गेलं नव्हतं. मी म्हटलं, तू ये, आमच्याकडे उतर. म्हणायला काय जातं, असंही मनात होतं. ती खरंच आली.

पुढच्या हिवाळ्यात, त्यांच्या विधानसभेला सुट्टी असताना, स्वतःच्या पैशानं तिकीट काढून. येण्यापूर्वी पत्र लिहिलं होतं की कुणाला सांगू नकोस. मी नेता म्हणून येत नाही, तुझी शेजारीण म्हणून येते. मी ते पत्र ह्यांना वाचून दाखवलं, दोनदा. आणि त्याच आठवड्यात एका माणसाला सांगितलं.

तो माणूस म्हणजे किशोर. माझा विद्यार्थी. दहावीला मी त्याला इंग्रजीत दोनदा नापास केलं होतं, आणि आता तो किशोरभाऊ झाला होता, आमदारकीची तयारी चालली होती. दिवाळीला घरी येऊन त्यानं माझे पाय धरले, म्हणाला, बाई, तुमच्यामुळेच घडलो. दोनदा नापास करून माणूस घडतो हे मला नवीन होतं, पण ऐकायला गोड वाटलं. गोडाच्या भरात मी बोलून गेले की स्कॉटलंडची एक मोठी नेता आमच्याकडे राहायला येतेय. तो म्हणाला, बाई, काही लागलं तर सांगा. बस्स, एवढंच.

त्याच महिन्यात मी नवं ब्लाउज शिवायला टाकलं होतं. जळगावातच मेहरूणमध्ये रुखसानाबी म्हणून एक शिवणकाम करणारी बाई होती, वीस वर्षं माझी ब्लाउजं तीच शिवत आली. त्या वेळी ती बहिणीच्या घराच्या ओसरीवर बसून शिवत होती. माप घेता घेता तिनं सांगितलं की त्यांची वस्ती पाडली. एका दुपारी माणसं आली, ट्रॅक्टर आले, सतरा घरं गेली. तिचं शिवणयंत्र भिंतीखाली गेलं. आता वापरत होती ते बहिणीचं. जमिनीवरून कोर्टात केस चालू होती, आणि माणसं कुणाची होती ते तिनं नाव घेऊन सांगितलं. नाव किशोरचं होतं. मी च् च् केलं. आणि बाही जरा आखूड ठेव असं म्हणाले. हे मी विसरले असं म्हणायची सोय नाही, कारण ते ब्लाउज मी पार्टीला घातलं होतं.

एफी आली आणि आमचं घर तिनं तीन दिवसांत जिंकलं. आपलं ताट आपण घासायची. ह्यांचं आणि तिचं तर असं जमलं की मीच पाहुणी वाटायला लागले. दोघंही बसखात्यातले. ह्यांचं इंग्रजी म्हणजे डेपोतल्या पाट्यांपुरतं, पण ब्रेक, गिअर, ओव्हरटाइम आणि साहेबांचा मूर्खपणा या विषयांना भाषा लागत नाही. हे तिला एफीअक्का म्हणायचे. तिला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली की मला आजवर मिळालेल्या पदांमध्ये हे सगळ्यात चांगलं आहे.

धुळ्याला जायला मी गाडी ठरवली होती. तिनं एसटीचा हट्ट धरला. एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती उठून कंडक्टरकडे गेली आणि हातानं दोरी ओढल्याची खूण करून विचारायला लागली. ह्यांनी कंडक्टरला समजावलं की ही पूर्वी तुझ्याच नोकरीत होती. कंडक्टरनं बघितलं, दोरीकडे हात केला. एफीनं दोनदा ओढली, टण् टण्. गाडी सुटली. अख्ख्या गाडीत न बसलेली ती एकटीच. दांडीला धरून, पाय फाकवून, हेलकावे न खाता उभी होती, सतरा वर्षांच्या पोरीसारखी. धुळ्याला उतरताना ती ड्रायव्हरला थँक्यू म्हणाली. ड्रायव्हर घाबरून खाली वाकला, काही पडलं की काय ते बघायला.

कबर सापडायला दोन तास लागले. दगड अर्धा मातीत गेलेला. एफीनं बाटलीतलं पाणी ओतून रुमालानं अक्षरं पुसली. रडली नाही, प्रार्थनाही केली नाही. त्या पिवळ्या पाकिटात तिच्या आईचं शेवटचं पत्र होतं, जेसीमावशीला न पोचता परत आलेलं. ते तिनं तिथे बसून मोठ्यानं वाचलं. त्यात गावच्या पावसाच्या आणि एका मांजरीच्या गोष्टी होत्या. हे टोपी काढून उभे होते. मला वाटलं, हिचं इथलं काम झालं, आता सुखरूप परत जाऊ दे.

पण किशोरचा फोन येऊन गेला होता. चौथ्या दिवशी मळ्यावर भरिताची पार्टी, अगदी घरगुती, बाई, तुम्ही आणि पाहुण्या. आमच्याकडे हिवाळ्यात पाहुण्याला भरीत न खिलवता पाठवणं म्हणजे अपमान. मी हो म्हटलं. ह्यांनी येणार नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर पेपर वर धरला.

आसोद्याच्या रस्त्याला मळा. गाडी फाटकाशी थांबली आणि मी बघतच राहिले. आत मंडप, खुर्च्या, स्पीकर. आणि फाटकावर दोन मजली फ्लेक्स. मधोमध हात जोडलेला किशोर. त्याच्या उजवीकडे एफी, इंटरनेटवरून काढलेला फोटो, खाली लिहिलेलं: स्कॉटलंडच्या भावी मुख्यमंत्री यांचे खानदेश नगरीत सहर्ष स्वागत. आणि डावीकडे, तेवढ्याच आकाराची, मी. नव्या ब्लाउजात नव्हे, वीस वर्षांपूर्वीच्या शाळेच्या गॅदरिंगमधली. केस काळे. खाली लिहिलेलं: आदरणीय गुरुवर्या.

एफी गाडीतून उतरली, फ्लेक्सकडे बघितलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण फ्लेक्स कळायला भाषा लागत नाही. मग तिनं मला विचारलं. आवाज न चढवता, वाचनालयात विचारायची तसं. “सुमन, हा माणूस कोण आहे? मी त्याच्या शेजारी उभं राहिलं तर चालेल?”

मी म्हटलं, “माझा विद्यार्थी आहे. चांगला मुलगा आहे.”

एवढीच दोन वाक्यं. तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि परीक्षेच्या वेळी मी हे लिहिलं.

पुढचं सगळं भराभर झालं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा धूर, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा. एफीनं डोळे पुसत दोनदा भरीत घेतलं. मग शाल, श्रीफळ, फेटा. तिला फेटा घट्ट बसला होता. किशोरनं भाषण केलं, परदेशातसुद्धा आपल्या कामाची दखल घेतली जातेय वगैरे, आणि बोलता बोलता तिचा हात धरून उंच केला. फटाफट फोटो. मी खाली पहिल्या रांगेत होते. वर मंचावर एफीचा चेहरा दिसत होता. हसरा होता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. दोन दिवसांनी ती गेली. ह्यांनी स्टेशनवर तिची बॅग उचलायचा प्रयत्न केला, तिनं उचलू दिली नाही.

तीन आठवड्यांनी वैशालीचा फोन आला. तिचा आवाजच वेगळा. किशोरच्या पोरांनी फोटो सगळीकडे टाकले होते. ते कुणीतरी तिकडच्या वर्तमानपत्राला पोचवले. वर्तमानपत्राचा माणूस जळगावपर्यंत शोध घेत आला. पहिल्या पानावर दोन फोटो शेजारी शेजारी छापले होते. एकात फेटा घातलेली एफी, हात वर. दुसऱ्यात रुखसानाबी, विटांच्या ढिगापुढे, मोडकं शिवणयंत्र घेऊन. आणि खाली एफीचंच वाक्य, मंत्र्याला सुनावलेलं.

मी म्हटलं, एक फोटोच तर आहे. दोन दिवसांत विसरतील लोक. वैशाली म्हणाली, आई, तिनं राजीनामा दिला.

माझा विश्वास बसेना. आपल्याकडे फोटोवरून लोक नाराज होतात, माझा लहान छापला म्हणून. ह्यांनाही सांगितलं तर हे म्हणाले, “फोटोनापायी कोनी खुर्ची सोडस का?” मग वैशालीनं पुढचं सांगितलं. पक्षाची माणसं रात्रंदिवस तिच्या मागे लागली होती की फक्त एवढं म्हण, तू ज्यांच्याकडे उतरलीस त्यांनी तुला चुकीची माहिती दिली. ते खरंही होतं. तेवढ्यावर ती सुटली असती. तिनं माझं नाव घेतलं नाही. माईकपुढे म्हणाली की शेजारी कोण आहे हे शोधणं माझं काम होतं, दोष माझा आहे. निवडणुकीला चार महिने उरले होते. तिच्या जागी आलेल्या माणसानं पहिल्याच आठवड्यात बसचा कायदा यादीतून काढून टाकला.

फोन ठेवला. हे माझ्यासमोर उभे होते. वस्तीची बातमी त्यांनी वाचलेली होती, म्हणून तर पार्टीला आले नव्हते. पण मी ती रुखसानाबीच्या तोंडून ऐकल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. ते मी आता सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “तुले मालूम व्हतं?” मी मान डोलावली. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता.

मग एक जाड पाकीट आलं. एफीचं. मला वाटलं, आता मला सुनावलं असेल. माझ्यासाठी एक ओळ होती: आतलं पत्र त्या बाईंना नेऊन दे आणि वाचून दाखव. आतलं पत्र रुखसानाबीला होतं.

त्या ओसरीवर बसून मी ते वाचलं. इंग्रजी वाचायचं आणि तिला कळेल असं हिंदीत सांगायचं. एफीनं लिहिलं होतं की तुमचं घर पाडणाऱ्या माणसाचा हात धरून मी हसत उभी राहिले. मी विचारायला हवं होतं, नीट विचारलं नाही. त्या फोटोमुळे त्याचं वजन वाढलं असेल आणि तुमची बाजू हलकी झाली असेल. त्याबद्दल मी तुमची माफी मागते. तुमच्या वकिलाला हे पत्र कोर्टात दाखवायचं असेल तर दाखवा. खाली सही, पद नाही.

रुखसानाबी टीप मारत होती, मशीन थांबलं. तिनं पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं. म्हणाली, “बाई, इसमें इनका क्या कसूर? ये तो परदेसी है, इनको कौन बताता?” आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. खरंच प्रश्न पडल्यासारखं. मला वाटलं जमीन फाटावी, पण जमीन आपल्याला वाटेल तेव्हा फाटत नाही. मी रिकाम्या पाकिटाची घडी घातली. ती पुन्हा शिवायला लागली.

किशोर निवडून आला. पुढची दोन वर्षं त्याच्या फ्लेक्सवर एफीचा फोटो होता. माझा दुसऱ्या वर्षी काढला.

वैशालीला दुसरं बाळ झालं तेव्हा मी पुन्हा एडिंबऱ्याला गेले. एफी त्याच इमारतीत राहत होती. मी दहा दिवस जिन्यात कुणाची चाहूल लागली की दाराआड थांबायचे, पासष्ट वर्षांची बाई, लपाछपी खेळणाऱ्या पोरीसारखी. अकराव्या दिवशी बाळाला गाडीत घालून समुद्राकडे फिरायला गेले, तर धक्क्यावरच्या बाकावर तीच बसलेली. बोचरा वारा होता. ती आता एका कामगार संघटनेच्या कचेरीत बसायची, लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायची. जरा वाळली होती. मला बघून सरकली आणि बाकावर जागा केली. बाळाचं नाव विचारलं, ह्यांच्या पाठदुखीचं विचारलं, रुखसानाबीच्या केसचं विचारलं. केस अजून चालूच होती.

मी म्हटलं, एफी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी तू मला विचारलंस, तेव्हा मला सगळं माहीत होतं. रुखसानाबीनं स्वतः मला सांगितलं होतं. तू सरळ विचारलंस आणि मी खोटं बोलले. तुझा कायदा माझ्यामुळे गेला.

हे मी दोन वर्षं तोंडात घोळवलं होतं, शब्द न शब्द. मला वाटलं ती उठून जाईल, किंवा जाऊ दे म्हणेल. दोन्हीची माझी तयारी होती. मग ती जे बोलली ते मी घरी येताच वैशालीच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. मराठी माझं आहे, शब्द तिचे.

“तुला माहीत होतं, हे मला फाटकाशीच कळलं होतं, सुमन. मी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघत नव्हतीस, बोर्डावरच्या तुझ्या फोटोकडे बघत होतीस. मी तीस वर्षं माणसांचे चेहरे वाचलेत. तरी मी आत गेले, कारण मीही माझ्याच फोटोकडे बघत होते. एवढा मोठा तो याआधी कुणी लावलाच नव्हता.”